माळ्यावरचं चित्र

"या दुकानातलं एकही चित्र असं नाही काका, जे मला माहीत नाही! झोपेतून उठवून विचारा!"

लेकीनं हे वाक्य काकांना अशा काही थाटात ऐकवलं की, भिंतीवरचा रडका जोकरसुद्धा क्षणभर रडायचा थांबला असावा. काका मात्र थांबले नाहीत. ते खुर्चीत बसून मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका गृहस्थाचं कौतुक करत होते. त्या गृहस्थांना दुकानाचा गाळा भाड्यानं हवा होता.

"त्याला चित्रांतलं काही कळत नाही," काका म्हणाले, "पण भाड्यातलं कळतं. गोड माणूस आहे."

दुकान चित्रांचं होतं, घाऊक. चित्रकाराकडून एक चित्र काढून घ्यायचं, त्याच्या प्रती छापायच्या आणि डझनाडझनाचे गठ्ठे बांधून फ्रेमवाल्यांना, फर्निचरवाल्यांना, हॉटेलवाल्यांना विकायच्या. ज्या भिंतींना स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं, त्या सगळ्या भिंतींवर या दुकानाची चित्रं लागत. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांनी चित्रांना नावंही दुकानदारी ठेवली होती: 'धबधबा साधा', 'धबधबा हरणासकट', 'रुसलेली बाई', 'दोन होड्या', 'दोन होड्या, संध्याकाळ'. आणि एक रीत कधी मोडली नाही. डझनावर एक प्रत जास्तीची. गिऱ्हाईक आनंदलं की म्हणायचे, "वरचं एक माझ्याकडून."

वडील गेले आणि अर्धं दुकान लेकीकडे आलं. उरलेलं अर्धं काकांचं होतं, पण ते तिथं बसत पूर्ण. लेक त्याआधी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. लोकांच्या कादंबऱ्यांतल्या वेलांट्या आणि उकार जागेवर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शोकसभेत काका भाषण करत असतानाही तिनं मनातल्या मनात त्यांचे दोन प्रयोग दुरुस्त केले होते. दुकान चालवण्याचा तिला अनुभव शून्य. तरी तिनं ते चालवायचं ठरवलं, आणि का ठरवलं ते कुणाला सांगितलं नाही. एवढंच केलं की, माळ्यावर जायच्या शिडीपुढे कॅलेंडरांचे गठ्ठे रचून ठेवले. 'जागा नव्हती म्हणून.' वडील रोज दुपारी माल लावायला त्या शिडीनं वर जायचे.

"हे बघ पोरी," काका म्हणाले, "मी काही वाईट नाही. दादाच्या तोडीची एक ऑर्डर आण. एकच! नाही आली, तर महिनाअखेर कव्हरवाला."

"येईल."

"कुठून? पुस्तकातून?"

तेवढ्यात फोन वाजला. नाटकात वाजतो तसाच अगदी!

फोन दवाखानेवाल्या शेठचा होता. हे शेठ दवाखान्यांना खुर्च्या, पडदे, वजनकाटे असं सगळं पुरवत आणि भिंतींसाठी चित्रं इथून नेत. ते सदैव गाडीत असत आणि जगातला प्रत्येक माणूस पलीकडच्या डोंगरावर उभा आहे अशा आवाजात बोलत.

"ताई! वडिलांचं कळलं. फार वाईट झालं. राजा माणूस! आता कामाचं. लहान मुलांचे दवाखाने घेतलेत, एकदम खूप. प्रत्येक खोलीत एक चित्र. वडिलांनी मला दाखवलं होतं ना, ते माळ्यावरचं, तेच पाहिजे. दोनशे!"

"माळ्यावरचं," लेक म्हणाली.

"तेच! बघितल्याबरोबर पोर हसलंच पाहिजे! आहे ना?"

इथं कुणीही शहाणा माणूस विचारेल, की शेठ, कुठलं हो? पण काकांचे कान सूर्यफुलासारखे फोनकडे वळले होते. आणि 'झोपेतून उठवून विचारा' हे वाक्य अजून दुकानात तरंगत होतं.

"आहे म्हणजे काय! आहेच!" ती म्हणाली आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माळ्याचं चित्र. प्रती दोनशे.'

तिनं सगळी कपाटं उपसली. कोळीण सापडली, धोबीण सापडली, मेंढपाळ तर भरपूर सापडले. माळी एकही नाही! बागा होत्या, पण सगळ्या निर्मनुष्य.

"काका, बाबांच्या वेळचं एखादं माळ्याचं चित्र आठवतं तुम्हाला?"

काकांना एखादी गोष्ट माहीत नाही असं अजून कधी घडलेलं नव्हतं. "माळ्याचं? होतं की! चांगलं मोठं होतं."

"कसं होतं?"

"माळ्यासारखं."

मूळ चित्र हरवलं असणार, तर तसंच दुसरं काढून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. चित्रकाराला काम देणं हा तर धंद्याचाच भाग! फक्त तपशील हवे होते, आणि ते शेठला संशय न येता काढायला हवे होते. तिनं फोन लावला.

"शेठ, सहज केला फोन. बाबांची आठवण आली. त्या माळ्याबद्दल तुम्हाला काय काय आठवतं?"

शेठ एकदम हळवे झाले. गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"माळ्याबद्दल? अहो ताई, काय सांगू! सगळा धुळीनं भरलेला! ताठ उभं राहायची म्हणून सोय नाही. आपलं कायम वाकूनच!"

"वाकून," ती लिहू लागली.

"कपाळाला हे एवढं टेंगूळ! लिंबाएवढं!"

"लिंबाएवढं."

"आणि एका बाजूनं गळतो. वडील बिचारे खाली बालदी लावून ठेवायचे."

"बालदी?"

"मग काय! आणि उंदीर, ताई! पायात पायात!"

लेकीनं कागदाकडे पाहिलं. तिनं आयुष्यात पुष्कळ शोकांतिका वाचल्या होत्या. त्यांतल्या एकाही माणसाची अशी दैना नव्हती.

"आणि... हे बघून मुलं हसतील?"

"हसतील? लोळतील!"

माणसांच्या आवडीपुढे इलाज नसतो, असं मनाशी म्हणून तिनं चित्रकाराला बोलावलं.

या चित्रकाराचा एक बाणा होता. समोर असल्याशिवाय तो बटाटासुद्धा काढत नसे. ढगाचं चित्र हवं असेल तर ढग यायची वाट बघे. वडील त्याला काम देताना आधी खिडकीबाहेर बघायचे. लेकीनं त्याला कागद वाचून दाखवला. तो गंभीरपणे ऐकत होता.

"हा माळी आहे की आजार?" त्यानं शेवटी विचारलं.

"माळी."

"एका बाजूनं गळतो म्हणजे नेमकं काय गळतं?"

"ते शेठ बोलले नाहीत."

"नाक?"

"एका बाजूनं?"

"मग घाम. पण घामाला बालदी..." त्यानं दाढी खाजवली. "झारी! हातातली झारी फुटकी. ती गळते."

"हां! झारीच!" लेकीला हायसं वाटलं.

"आणि बाग कुठंय? यात बागेचा उल्लेखच नाही. बागेशिवाय माळी?"

इथं तिचं सगळं वाचन मदतीला धावलं. "बाग सूचित असावी," ती म्हणाली.

चित्रकारानं तिच्याकडे आदरानं पाहिलं. त्याच्याशी आजवर असं कुणी बोललं नव्हतं. मग तो नमुना शोधायला दुकानभर नजर फिरवू लागला. काकांचा चष्मा खाली पडला होता आणि ते खुर्चीपाशी वाकून तो चाचपत होते.

"तसेच थांबा!" चित्रकार ओरडला.

काका थांबले. कमरेत उसण भरल्यामुळे त्यांना दुसरा पर्यायही नव्हता.

"मी? माळी?" काकांनी वाकूनच विचारलं. "मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालोय! या वयात मला चित्रात उभं करता? शोभतं का हे?" मग थोडं थांबून, "कुठल्या बाजूनं काढणार?"

मागच्या खोलीत काम सुरू झालं. काकांच्या कपाळाला कणकेचं टेंगूळ. डाव्या हातात फुटकी झारी. झारी बालदीत गळायला हवी होती, ती काकांच्या डाव्या पायावर गळत होती. चहाच्या वेळी काका तसेच बाहेर पायरीवर येऊन उभे राहत. शेजारच्या शिंपीणबाईंनी एकदा त्या ओल्या पायजम्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून लेकीला म्हणाल्या, "होतं गं असं, वय झालं की. पण पडलेसुद्धा का? टेंगूळ केवढं आलंय!"

"ते कणकेचं आहे."

शिंपीणबाईंनी मग तिच्याकडेच काळजीनं पाहिलं.

काका हळूहळू भूमिकेत शिरले. आधी त्यांनी मिशांना रंग लावला. मग खिशाला पेन लावून आले.

"माळ्याच्या खिशाला पेन?" चित्रकार म्हणाला.

"शिकलेला माळी आहे. परिस्थितीनं माळी झालाय."

"पेन काढा."

"पेन राहणार! नाहीतर मी सरळ उभा राहीन!"

पेन राहिलं. कव्हरवाल्या गृहस्थांचा फोन आला, तेव्हा काका त्यांना म्हणाले, "आत्ता कामात आहे. बसलोय चित्राला. नाही, बसलोय म्हणजे वाकलोय." लेकीनं हे ऐकलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं की, दुकान कदाचित वाचेल.

उंदरासाठी चित्रकारानं भाच्याचा पाळलेला उंदीर पिंजऱ्यात घालून आणला. उंदीर गरीब होता, पण काकांची मिशी बघून त्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा. पिंजऱ्याचं दार उघडताच त्यानं उडी मारली, काकांच्या पाठीवरून धावला, कॅलेंडरांच्या गठ्ठ्यांवर चढला आणि शिडीवरून सरळ वर, माळ्यावर पसार झाला!

"गठ्ठे बाजूला करा!" चित्रकार म्हणाला. "मी वर जाऊन पकडतो."

"नको!" लेक म्हणाली. ती इतक्या जोरात म्हणाली की, काकांचं टेंगूळ गळून पडलं. "वर नको. वर... सामान फार आहे. राहिलेला उंदीर आठवणीनं काढा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असे. या वेळी त्यांनी वाकून टेंगूळ उचललं आणि पुन्हा कपाळाला लावलं.

बटाटासुद्धा बघितल्याशिवाय न काढणाऱ्या माणसाला उंदीर आठवणीनं काढावा लागला. तो शेपूट असलेल्या बटाट्यासारखा आला.

बाकी चित्र मात्र अस्सल उतरलं. धुळीनं माखलेला, कमरेत मोडलेला, कपाळाला टेंगूळ आलेला, खिशाला पेन लावलेला एक शिकलेला माळी फुटकी झारी घेऊन बालदीपाशी उभा होता. पायाशी बटाटा. आणि तो समोरच्याकडे अशा नजरेनं बघत होता की, जणू अर्जावर सही राहिली आहे! लेकीनं शेठला फोन करून विचारलं, "आधी नमुना पाठवू का?"

"नमुना कशाला, ताई? मी पाहिलंय की! छापून टाका!"

छापून टाकलं. गठ्ठे बांधले. शेठ स्वतः माल न्यायला आले, त्या दिवशी काका मिशांना नव्यानं रंग लावून दाराशी चित्रातल्यासारखा चेहरा जरा वळवून, तीन चतुर्थांश कोनात उभे होते, म्हणजे शेठना लगेच ओळख पटावी.

शेठनी गठ्ठ्याचा कागद सोडला. एक प्रत काढली. हात लांब करून पाहिली. चष्मा लावून पाहिली. उलटी करून मागची बाजूही पाहिली.

"हे कोण?"

"माळी," लेक म्हणाली.

"कुठला माळी?"

"तुमचाच! तुम्ही सांगितलात तो. धूळ, टेंगूळ, बालदी..."

"मी? मी माळी कधी सांगितला? मी माळ्यावरचं चित्र म्हटलं होतं!"

"हे माळ्यावरचंच आहे ना!"

"अहो ताई, माळ्यावरचं! माळ्यावर!!" आणि शेठनी बोट छताकडे केलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. माळ्याच्या फळ्या जिथल्या तिथं होत्या. त्याच वेळी त्यांच्या एका कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब सुटला आणि 'माळी' लिहिलेल्या गठ्ठ्यावर टप्पकन पडला.

माळी आणि माळा. सामान्यरूप दोघांचंही 'माळ्या'. हे तिला शाळेपासून ठाऊक होतं! या असल्या जागा शोधून त्यांभोवती लाल गोल काढण्याचा तर ती पगार घेत होती. पण शेठ तो शब्द दुकानभर ओरडून बोलले, तरी डोक्यावर असलेल्या त्या जागेकडे तिचं मन वळलं नव्हतं. जगातल्या सगळ्या बागा धुंडाळून आलं, आणि शिडीपाशी मात्र गेलं नाही.

"म्हणजे धुळीनं भरलेला..." ती पुटपुटली.

"माळा!"

"गळतो तो..."

"माळा!"

"आणि टेंगूळ?"

"माझं! वडिलांच्या मागोमाग शिडी चढून गेलो, तर तुळईवर आपटलं डोकं. ते म्हणाले, कुणाला सांगू नका, एक चित्र दाखवतो. स्वतः काढलेलं होतं ना त्यांनी!"

"दादानं?" काकांचा तीन चतुर्थांश कोन मोडला. "दादानं जन्मात कधी ब्रश धरला नाही!"

"रोज दुपारी धरायचे. माल लावायला जातो म्हणून वर जायचे ना? चित्रकारांना कळलं तर हसतील म्हणाले."

मग काकाच पुढे झाले आणि कॅलेंडरांचे गठ्ठे एकेक करून बाजूला करू लागले. शेवटचा बाजूला झाल्यावर त्यांनी शिडीला हात लावला, हलवून बघितली आणि म्हणाले, "पक्की आहे. माझा गुडघा... तू जा. मी खाली धरतो."

ती चढली. वर अंधार होता, धूळ होती. ताठ उभं राहायची सोय नव्हती, हे तिला तुळईवर डोकं आपटल्यावर नीट कळलं. लिंबाएवढं नाही, पण टेंगूळ आलंच! कोपऱ्यात बालदी होती, भरून वाहत होती. खुंटीला वडिलांचा जुना सदरा, बाह्यांवर सगळे रंग पुसलेले. घरी तो कधी दिसला नव्हता. आणि भिंतीला टेकवलेल्या एका चौकटीवर भाच्याचा उंदीर चांगला लठ्ठ होऊन बसला होता.

तिनं चौकट उजेडाकडे वळवली. घोडा होता. तपकिरी, हसरा, दात जरा जास्तच असलेला. तिनं पाय मोजले. पुन्हा मोजले. पाच होते. खाली वडिलांच्या त्या सरळ, दुकानदारी अक्षरात लिहिलं होतं: 'वरचा एक माझ्याकडून.'

"सापडलं का?" खालून शेठचा आवाज आला.

नुसता एक विचित्र आवाज आला. रडण्यासारखा सुरू होऊन हसण्यासारखा संपणारा, किंवा उलट.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"धूळ आहे फार," ती वरून म्हणाली.

घोडा खाली आला. शेठ त्याला बघून पहिल्यांदाच बघत असल्यासारखे हसले. काका पाय मोजता मोजता हसू लागले, आणि मग बराच वेळ नाक शिंकरत राहिले. "गाढव कुठला!" ते म्हणाले. ते घोड्याला म्हणाले की दादाला, हे कुणी विचारलं नाही.

"दोनशे घोडे," शेठ म्हणाले. "पण या माळ्याचं काय करणार, ताई?"

लेकीनं कपाळावरचं टेंगूळ चोळलं. मग वडिलांसारखी गल्ल्यावर दोन्ही हात टेकवून उभी राहिली. "डझन घोड्यांवर एक माळी. वरचा एक आमच्याकडून."

"मुलं घाबरतील हो!"

"घाबरायला काय झालं?" काका उसळले. "सुशिक्षित माळी आहे तो!"

शेठनी नेले. पंधरवड्यात त्यांचा फोन आला. घोडा चांगलाच आहे म्हणाले, मुलं लोळताहेत. पण डॉक्टर मागताहेत तो माळी! इंजेक्शनच्या खोलीत लावला की, कसलंही रडकं पोर त्या नजरेपुढे मुकाट्यानं हात पुढे करतं. काकांना एवढंच सांगितलं की, चित्रानं मुलांना शांत वाटतं. त्या दिवसापासून कव्हरवाल्या गृहस्थांचा विषय निघाला की काका म्हणतात, "गाळा कसला देता! माझं चित्र चालू आहे तिथं!" माळ्याच्या राहिलेल्या प्रती त्यांनी स्वतः, गुडघ्याची पर्वा न करता, माळ्यावर नेऊन रचल्या. म्हणजे आता कुणी 'माळ्यावरचं चित्र' मागितलं, तर निदान चूक व्हायला नको.

लेक धडा शिकली. आता काम घेताना ती शब्दाची चारही अंगं तपासून घेते, न लाजता विचारते. परवाच शेठचा फोन आला. गाडीतूनच.

"ताई! डोळ्यांचा दवाखाना घेतलाय! मोठं चित्र पाहिजे, कोळ्याचं!"

लेकीनं पेन उचललं नाही. घाई केली नाही. "शेठ, कोळी म्हणजे नक्की कुठला? नीट सांगा."

"कुठला म्हणजे? जाळंवाला!" शेठ ओरडले, आणि फोन कट झाला.

ती कागदाकडे बघत राहिली. काकांचे कान केव्हाच वळलेले होते. ते उठले, आरशात मिशी बघितली, चित्रकाराला निरोप धाडला, आणि मग दारातूनच मागे वळून विचारलं:

"काय गं, मला उभं राहायचंय, की लटकायचंय?"